यंत्राचें अंतरंग कोणीं पाहावें?

धान्य तोलणाऱ्या दुकानदाराचा कांटा खरा कीं खोटा, हें ठरविण्याची रीत फार जुनी आहे. वजनमापांचा निरीक्षक येतो, प्रमाणित वजन पारड्यांत टाकून पाहतो आणि कांटा बरोबर ठरल्यास त्यावर शासनाचा शिक्का उठवितो. तो शिक्का अभंग आहे तोंवर गिऱ्हाइकास कांट्याची रचना समजून घेण्याचें कारण उरत नाहीं. परंतु त्याच दुकानाच्या छतास आज एक यांत्रिक डोळा बसलेला असतो. वाशीम जिल्ह्यांत अकोला-पूर्णा लोहमार्गावर असलेल्या जऊळक्यासारख्या गांवापासून थेट मुंबईपर्यंत सीसीटीव्ही कॅमेरा ही आतां नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. हा डोळा काय पाहतो तें मालकास पडद्यावर दिसतें. पण पाहिलेलें तो आणखी कोणास कळवितो कीं काय, हें मात्र दिसत नाहीं. हा कांटा कोणत्या वजनानें तपासावा? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां अनेक देशांचीं सरकारें कंपन्यांकडे एकच मागणी करूं लागलीं आहेत : यंत्राचा ‘सोर्स कोड’ आम्हांस दाखवा.

सोर्स कोड म्हणजे यंत्राची मूळ आज्ञावली. कॅमेरा, दूरध्वनि किंवा संगणक यांनीं केव्हां काय करावें, हें प्रथम माणूस माणसास वाचतां येईल अशा भाषेंत लिहितो. ह्या लेखाचें नंतर केवळ शून्य आणि एक या अंकांच्या लांबलचक मालिकेंत रूपांतर करण्यांत येतें. यंत्राच्या पोटांत जाते ती ही अंकांची मालिका. मूळ लेख कंपनीच्या कपाटांत कुलूपबंद राहतो, कारण तिचें सारें व्यापारी भांडवल त्यांतच सांठविलेलें असतें. अंकांच्या मालिकेवरून मूळ लेखाचा अर्थ लावणें अगदींच अशक्य नाहीं. पण तें काम अत्यंत कष्टाचें आणि अपुरें. म्हणून यंत्राच्या मनांत काय आहे हें जाणावयाचें, तर मूळ लेख पाहावयास मिळाला पाहिजे, असें सरकारांचें म्हणणें.

ही शंका भित्र्या मनाची उपज आहे, असें कोणी समजूं नये. स्वित्झर्लंडमधील त्सूग येथें क्रिप्टो एजी नांवाची एक कंपनी होती. गुप्त संदेश लिहिण्याचीं यंत्रें ती शंभराहून अधिक राष्ट्रांस विकीत असे, आणि तिच्या गिऱ्हाइकांत भारत आणि पाकिस्तान हे दोन्ही देश होते. तटस्थ देशांतील कंपनी म्हणून तिच्यावर सर्वांचा विश्वास. परंतु अमेरिकेची सीआयए आणि पश्चिम जर्मनीची बीएनडी या दोन हेरखात्यांनीं १९७० सालीं ही कंपनी गुप्तपणें विकत घेतली होती, ही गोष्ट फेब्रुवारी २०२० मध्यें वृत्तपत्रांनीं व दूरचित्रवाणीनें उघडकीस आणली. यंत्रांच्या रचनेंतच अशी मेख ठेवलेली असे कीं, त्यांतून गेलेले संदेश या खात्यांस सहज उलगडतां यावेत. कुलूप विकणाऱ्यानेंच दुसरी किल्ली स्वतःजवळ ठेवली होती, आणि गिऱ्हाइकांस तें अनेक दशकें कळलें नाहीं.

भारतांत ह्या प्रश्नास तांतडीचें स्वरूप आलें तें मुंबईमुळें. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यांत हल्लेखोर इंटरनेटवरून चालणाऱ्या दूरध्वनीनें परदेशांतील आपल्या सूत्रधारांशीं बोलत होते. त्यानंतर संदेशवहनावर नजर ठेवण्याची सरकारची निकड वाढली. ऑगस्ट २०१० मध्यें कॅनडाच्या ब्लॅकबेरी दूरध्वनीवरील संदेश तपास यंत्रणांस वाचतां यावेत, नाहीं तर ही सेवा बंद करूं, अशी ताकीद कंपनीस देण्यांत आली. मोठ्या व्यापारी संस्थांच्या पत्रव्यवहाराची किल्ली त्या त्या संस्थेपाशींच असते, आपणांपाशीं सर्वांस उघडणारी किल्लीच नाहीं, असें कंपनीनें उत्तर दिलें. पुष्कळ वाटाघाटी होऊन २०१२ सालीं कंपनीनें आपला एक सर्व्हर मुंबईंत आणून ठेवला, आणि २०१३ मध्यें तडजोड झाली. व्यापारी संस्थांचा पत्रव्यवहार मात्र तिच्याबाहेर राहिला.

येथें दोन मागण्यांतील भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. ब्लॅकबेरीकडून हवे होते ते लोकांचे संदेश. सोर्स कोडच्या मागणींत हवी असते ती यंत्राची परीक्षा. कुलूप पक्कें आहे कीं नाहीं हें तपासणें एक, आणि त्या कुलपाची किल्ली मागणें दुसरें. पहिल्यानें नागरिकाचें संरक्षण होऊं शकतें, दुसऱ्यानें त्याच्या खाजगी जीवनांत प्रवेश मिळतो. दोन्ही गोष्टी राष्ट्रीय सुरक्षिततेच्या एकाच नांवाखालीं मागितल्या जातात, म्हणून सामान्य वाचकाचा घोटाळा होतो.

सोर्स कोडची मागणीहि भारतांत त्याच वर्षीं पुढें आली. जुलै २०१० मध्यें दूरसंचार खात्यानें असा नियम घातला कीं, दूरध्वनि-जाळ्याचीं यंत्रें पुरविणाऱ्या कंपन्यांनीं आपला सोर्स कोड त्रयस्थाच्या हवालीं ठेवावा. मुख्य रोख चिनी यंत्रांवर होता. पण विरोध युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांनींहि केला. २०११ सालीं ही अट मागें घेण्यांत आली आणि यंत्रांची प्रयोगशाळेंत परीक्षा करण्याचा मार्ग पत्करण्यांत आला.

पुढें हाच प्रश्न कॅमेऱ्याच्या रूपानें परत आला. मुंबईंत २०१६ सालीं पूर्ण झालेल्या शहर-योजनेंत सुमारें ४७०० कॅमेरे रस्त्यांवर बसले. इतर शहरांनींहि तोच मार्ग धरला. २०२१ सालीं तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री व अकोल्याचे खासदार संजय धोत्रे यांनीं संसदेस सांगितलें कीं, सरकारी संस्थांतील सुमारें १० लक्ष कॅमेरे चिनी कंपन्यांचे आहेत, आणि चित्रें परदेशांतील सर्व्हरवर जाण्याचा धोका त्यांत आहे. ९ एप्रिल २०२५ पासून भारतांत विकावयाच्या अशा कॅमेऱ्यांस नवे नियम लागू झाले. कॅमेऱ्याची पेटी सहज उघडतां येऊं नये, चित्रें सांकेतिक रूपांतच पाठविलीं जावीं, घातक आज्ञावलीपासून बचाव असावा, आणि सरकारमान्य प्रयोगशाळेंत यंत्राबरोबर सोर्स कोडहि परीक्षेस द्यावा, असें त्यांचें स्वरूप आहे.

कंपन्यांचा आक्षेप केवळ धंद्याच्या गुपितापुरता नाहीं. एका सरकारास दाखविलेला लेख दुसऱ्या सरकारास अपायकारक होऊं शकतो. २०१७ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, अमेरिकेचें संरक्षण खातें स्वतःच्या बचावासाठीं वापरीत असलेल्या ‘आर्कसाइट’ नामक आज्ञावलीचा सोर्स कोड तिच्या कंपनीनें रशियांत विक्रीची परवानगी मिळावी म्हणून तेथील परीक्षकांस पाहूं दिला होता. लेखांतील दोष शोधणारा तो दोष कळवील, कीं स्वतःच्या उपयोगासाठीं राखून ठेवील, हें त्याच्या सचोटीवर अवलंबून. मायक्रोसॉफ्टनें २००३ पासून निवडक सरकारांस आपला लेख दाखविण्याची योजना सुरू केली; तिच्यांत रशिया व चीन यांचाहि समावेश झाला. तेव्हांपासून हा धोका सर्वांनींच थोडाबहुत पत्करलेला आहे.

परंतु याहून मूलगामी प्रश्न निराळाच आहे. लेख पाहिला म्हणजे यंत्र पाहिलें असें होतें काय? ह्याचें सर्वांत बोधप्रद उत्तर इंग्लंडच्या अनुभवांतून मिळतें. चिनी ह्वावे कंपनीच्या यंत्रांची परीक्षा करण्यासाठीं २०१० सालीं ऑक्सफर्डशायरमधील बॅनबरी येथें एक केंद्र उघडण्यांत आलें. खर्च कंपनीचा, देखरेख ब्रिटिश सरकारची. तज्ज्ञांनीं वर्षानुवर्षें सोर्स कोड वाचला. तरीहि २०१८ व २०१९ च्या अहवालांत देखरेख-मंडळास सांगावें लागलें कीं, वाचलेला लेख आणि ब्रिटनच्या जाळ्यांत प्रत्यक्ष चालणारी अंकमालिका हीं एकच आहेत, अशी खात्री देतां येत नाहीं. एकाच लेखापासून पुनःपुन्हा तीच अंकमालिका तयार करून दाखविणें कंपनीस साधलें नव्हतें. मंडळास गंभीर दोष आढळले. पण ते चिनी सरकारनें मुद्दाम ठेवले असें ब्रिटिश तज्ज्ञांचें मत झालें नाहीं, दोष होते निष्काळजी लेखनाचे. पुढें २०२० सालीं, अमेरिकेनें घातलेल्या निर्बंधांनंतर, ब्रिटननें हीं यंत्रें २०२७ अखेरपर्यंत आपल्या पांचव्या पिढीच्या जाळ्यांतून काढून टाकण्याचें ठरविलें.

लेख आणि अंकमालिका यांमधल्या दरींत काय लपूं शकतें, हें युनिक्सचे एक निर्माते केन थॉम्प्सन यांनीं १९८४ सालींच दाखवून दिलें होतें. लेखाचें अंकांत रूपांतर करणारी आज्ञावली, म्हणजे कंपायलर, हाच जर बिघडविलेला असेल, तर अगदीं निर्दोष लेखापासूनहि चोरवाट असलेलें यंत्र तयार होतें. लेख कितीहि वाचला तरी ती वाट दिसत नाहीं. ही निव्वळ कल्पना राहिली नाहीं. २०२० सालीं अमेरिकेंतील सोलरविंड्स कंपनीच्या आज्ञावलींत घुसखोरांनीं घातक भाग मिसळला तो नेमका रूपांतराच्या वेळीं, आणि सुमारें १८,००० गिऱ्हाइकांनीं कंपनीच्याच शिक्क्यासह तो उतरवून घेतला. शिक्का खरा होता, माल मात्र बदललेला होता.

कांट्याची उपमा येथेंच तोकडी पडते. कांटा आज तपासला तर उद्यांहि तोच राहतो. कॅमेरा किंवा दूरध्वनि रात्रींतून नवी आज्ञावली उतरवून घेतो व सकाळीं दुसरेंच यंत्र होऊन बसतो. शिवाय लेख पाहून धातूच्या पेटींत काय भरलें आहे तें कळत नाहीं. सप्टेंबर २०२४ मध्यें लेबनॉनमधील पेजर फुटले, ते आंत स्फोटक दडविलें होतें म्हणून. आज्ञावलीच्या वाचनानें तें उघडकीस आलें नसतें.

मग सोर्स कोडची मागणी निरर्थक समजावी काय? तसें नव्हे. लेखाच्या वाचनानें निष्काळजीपणाचे दोष सांपडतात, आणि बहुतेक हानि त्यांतूनच होते. ऑक्टोबर २०१६ मध्यें ‘मिराई’ नामक घातक आज्ञावलीनें जगभरचे असंख्य कॅमेरे ताब्यांत घेऊन अमेरिकेंतील इंटरनेटचा मोठा भाग कांहीं तास खिळखिळा केला. त्यासाठीं कोणत्याहि हेरखात्याची गरज पडली नाहीं. कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द मालकांनीं बदललेला नव्हता, एवढेंच पुरलें. घरगुती गिऱ्हाइकानें तो शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा, हा धडा कोणत्याहि सरकारी परीक्षेची वाट न पाहतां घेतां येण्यासारखा आहे.

शासनाचें काम मात्र लेख एकदां वाचून संपत नाहीं. परीक्षकांनीं तपासलेल्या लेखापासून स्वतः अंकमालिका तयार करावी व ती विक्रीच्या यंत्रांतील मालिकेशीं ताडून पाहावी. प्रत्येक महत्त्वाच्या सुधारणेची पुन्हा परीक्षा करावी. आणि यंत्र बाहेर कोठें काय पाठवितें यावर प्रत्यक्ष चालू जाळ्यांत पहारा ठेवावा. हें घडावयाचें तर त्या तोडीचे परीक्षक देशांत पुरेशा संख्येनें तयार झाले पाहिजेत. नाहीं तर प्रमाणपत्रांचा ढीग वाढेल, व्यापार खोळंबेल आणि सुरक्षितता होती तेथेंच राहील.

आणखी एक हिशेब नागरिकाच्या बाजूचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खाजगी जीवनाचा हक्क मूलभूत ठरविला. परक्या सरकारनें घरांत डोकावूं नये म्हणून यंत्र तपासणाऱ्या शासनानें तपासणींत सांपडलेली चोरवाट बुजवावी. ती स्वतःच्या उपयोगास ठेवूं नये. परीक्षेचे नियम काय, कोणतें यंत्र उतरलें, कोणतें नापास झालें, सांपडलेले दोष किती दिवसांत दुरुस्त झाले, हें प्रसिद्ध केल्यानें कोणत्याहि कंपनीचें गुपित फुटत नाहीं. कॅमेरा विकत घेणाऱ्या गृहस्थास सोर्स कोड वाचतां येणार नाहीं, आणि त्याला त्याची आवश्यकताहि नाहीं. त्याच्या वतीनें तो कोणीं वाचला आणि वाचून पुढें काय केलें, हें विचारण्याचा अधिकार मात्र त्याचा आहे.