गिरणगावाची जमीन गेली कुठे?

पारनेर, संगमनेर, अकोले या भागांतून पोटासाठी मुंबई गाठलेल्यांपैकी अनेकांचा पहिला पत्ता लालबाग-परळच्या चाळीतला असे. गावकीची एक खोली, पाळीप्रमाणे झोपणारी माणसे आणि जेवायला बायकांनी चालवलेली खानावळ. या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा’ संस्थेत एकत्र आणले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या या कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर बऱ्याच गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत.

खरा घाव नियमाने घातला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ नुसार गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे: महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची जमीन, म्हणजे मोठा हिस्सा, मालकाकडेच राहिली. याविरोधात उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरवला आणि दुरुस्ती कायम झाली. शहराचे हे नुकसान आता भरून येणारे नाही.

फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, कमला मिलमध्ये कार्यालये आणि उपाहारगृहे आली. गिरणी कामगारांसाठीच्या घरांकरिता दीड लाखाहून अधिक कामगार व वारसांनी अर्ज केले. २०१६ च्या सोडतीतील काही घरे तर पनवेलजवळच्या कोन गावात होती. अर्जदारांतले कित्येक आज गावीच राहतात, आणि सोडतीची वाट आता त्यांची मुले पाहत आहेत.