उघड्या मोटारीची पारख

जुनी वस्तु विकत घेतांना डोळ्यांवर किती विश्वास ठेवावा, हें एका इटालियन मोटारीवरून चांगलें समजतें. मिलान शहरांत १९१० सालीं स्थापन झालेल्या आल्फा रोमिओ कारखान्यानें मार्च १९६६ मध्यें जिनीव्हाच्या प्रदर्शनांत ‘स्पायडर’ ही दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार प्रथम मांडली. लोकांकडून नांवें मागवून तिला ‘ड्युएट्टो’, म्हणजे युगुलगीत, हें नांव देण्यांत आलें. तिचा घाट पिनिनफारिना या प्रसिद्ध इटालियन कारखान्यानें घडविला. एंजिन अवघें १५७० घन सेंटिमीटरचें, तरी वेग ताशीं सुमारें १८५ किलोमीटर! १९६९ सालीं मागील बाजूची सुंदर गोलाई जाऊन तेथें सपाट कापल्यासारखी शेपटी आली. म्हणून पहिल्या घाटाच्या गाड्या रसिक लोक आजही शोधीत असतात.

अशी गाडी विक्रीस निघाली कीं जाहिरातींत तिच्या चकाकत्या रंगाची व एंजिनाची स्तुति असते. परंतु तिचें खरें बळ कोठें असतें? पुठ्ठ्याची एक पेटी घ्या. झांकण चिकटवून ती पिळून पाहा. ती दाद देत नाहीं. झांकण काढा, तीच पेटी सहज वांकडी होते. बंद मोटारीचा टप म्हणजे हें झांकण होय. उघड्या मोटारीस तो नसल्यामुळें सारा ताण तळाच्या पत्र्यावर आणि दारांखालून जाणाऱ्या पोकळ पोलादी पट्ट्यांवर पडतो. स्पायडरला निराळा सांगाडा नाहीं. पत्र्याचा देह हाच तिचा सांगाडा.

कापडी टपांतून गळलेलें पाणी आंतील सतरंजीखालीं मुरतें, पट्ट्यांत शिरतें आणि गंज आंतून पोलाद खाऊं लागतो. वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. कित्येकदां भोकें लुकणानें बुजवून त्यांवर नवा रंग देतात. म्हणून जाणता ग्राहक लोहचुंबक मऊ कापडांत गुंडाळून पट्टीवरून फिरवितो; जेथें तो धरत नाहीं तेथें पोलादाऐवजीं लुकण असण्याचा संभव असतो. दाराभोंवतालची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे काय, हें तो पाहतो. गाडीवर ठोकलेला क्रमांक कागदपत्रांशीं ताडतो. बिघडलेल्या एंजिनाचे भाग बदलतां येतात. कुजलेला देह सांधण्यास मात्र कधीं कधीं गाडीच्या किंमतीहून अधिक खर्च येतो.

विकणाऱ्याचेंही एक कर्तव्य आहे. लुकण कोठें भरलें आहे, हें त्यानें न विचारतां सांगावें. कारण उद्यां त्या दोन आसनांवर बसणाऱ्यांचा जीव त्याच पट्ट्यांच्या आधारावर असणार. ‘दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें,’ अशी आपली म्हण आहे. जग फसूं नये यासाठीं घेणाऱ्यानें डोळस असावें हें खरें; पण देणाऱ्यानें खरें बोलावें, हें त्याहून अगत्याचें आहे.