मुंबई इलाख्यातील मॉर्मन मिशन
मुंबई इलाख्यातील मॉर्मन मिशन हा मॉर्मन पंथाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई व पुणे येथे केलेला धर्मप्रचाराचा प्रयत्न होय. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात या पंथाची स्थापना केली.

स्कॉटिश धर्मप्रचारक ह्यू फिंडले १८५२ मध्ये ब्रिटनहून मुंबईस आले. वृत्तपत्रे, अन्य पंथांचे पाद्री व लष्करी अधिकारी यांच्या विरोधामुळे ते पुण्यास गेले. तेथे त्यांनी युरोपीय, अँग्लो-इंडियन व एतद्देशीय अशा १२ सभासदांची शाखा स्थापन केली. तथापि लष्करी छावणीत प्रचार करण्यास त्यांना मज्जाव झाला. प्रचारकांना वेतन नसे; निवास व अन्नासाठी त्यांना स्थानिकांच्या आश्रयावर अवलंबून राहावे लागे. त्यामुळे छावणी बंद होताच इंग्रजी जाणणारे श्रोते व आश्रयदाते दोन्ही दुरावले. एतद्देशीयांपर्यंत पोहोचण्यासाठी फिंडले यांनी मराठीचा अभ्यास केला. त्याच दशकात हे मिशन संपुष्टात आले.

पुढे १९९३ मध्ये पंथाने बंगळूर येथे मिशन स्थापन केले. सध्या या पंथाचे तरुण २४ महिने, तर तरुणी १८ महिने विनावेतन धर्मसेवा करतात. सेवेचे ठिकाण चर्च ठरवते.