चिखलाचा जमाखर्च

अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात 13 पानांचे एक जुने अरबी हस्तलिखित जपून ठेवले आहे. त्यात वुजू, अजान अशा विषयांवरचा मालिकी फिकहमधला मजकूर आहे. तो लिहिणारे बिलाली मुहम्मद मूळचे पश्चिम आफ्रिकेतील गिनीचे. त्यांना गुलाम म्हणून आणले गेले आणि त्यांच्या आयुष्याची कित्येक वर्षे जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळील सापेलो बेटावर, एका मळ्यात गेली. त्यांचे वंशज आजही त्या बेटावर राहतात.

विज्ञानाच्या पुस्तकांत मात्र सापेलो प्रसिद्ध आहे ते तिथल्या चिखलामुळे.

बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये खाड्यांचे जाळे आहे. दिवसातून दोनदा तिथे दोन मीटरहून उंच भरती येते. भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या या खाजणात स्पार्टिना नावाचे गवत मैलोन्‌मैल पसरलेले आहे. पाहणाऱ्याला वाटावे, ना शेतीची जमीन, ना घर बांधण्याची. 1953मध्ये जॉर्जिया विद्यापीठाने या बेटावर सागरी संशोधन संस्था सुरू केली. दोन वर्षांनी जॉन टील हे तरुण शास्त्रज्ञ पत्नी मिल्ड्रेडसह तिथे राहायला आले.

टील यांच्यापुढचा प्रश्न लहान मुलालाही सुचावा असा होता: एवढे गवत उगवते, ते खाते कोण?

आपल्या घरात महिन्याचा हिशेब मांडतात, तसाच हिशेब टील यांनी खाजणाचा मांडला. जमेच्या बाजूला सूर्यप्रकाशावर वाढलेले गवत आणि शेवाळ. खर्चाच्या बाजूला ते खाणारे जीव. नाकतोडे, खेकडे, शिंपले, चिखलातले डोळ्यांना न दिसणारे किडे, यांतला प्रत्येक जीव किती प्राणवायू वापरतो, हे मोजले गेले. जितका प्राणवायू, तितके अन्न शरीरात जळाले, असा त्यामागचा विचार. काही मोजमापे त्यांची स्वतःची होती, काही सहकाऱ्यांची.

1962मध्ये हा हिशेब प्रसिद्ध झाला. वनस्पतींच्या वाढीतून शंभर रुपये हाती पडले असे धरा. त्यांतले सुमारे 47 रुपये जिवाणूंनी खर्च केले. बाकी सगळ्या प्राण्यांनी मिळून जेमतेम 8. उरलेले 45 रुपये ओहोटीबरोबर खाडीत जातात, असे टील यांनी म्हटले. हिरवे गवत फारसे कोणी खात नाही. ते वाळते, कुजते, त्याचा भुगा होतो आणि त्या भुग्यावर खाडीतली कोळंबी, खेकडे, मासे पोसले जातात. थोडक्यात, ज्याला लोक पडीक जागा म्हणत होते, ती खाडीची कोठी निघाली.

या हिशेबाची गरज लवकरच पडली. 1968मध्ये एका खाणकंपनीने या किनाऱ्यावर फॉस्फेट काढण्याचा प्रस्ताव आणला. तेव्हा सापेलोवर काम केलेल्या शास्त्रज्ञांनी लोकांना खाजणाची खरी किंमत समजावून सांगितली. खाण झाली नाही, आणि 1970मध्ये जॉर्जियात किनाऱ्यावरील दलदलींच्या रक्षणाचा कायदा झाला.

गोष्ट इथेच संपवता आली असती. पण मी शिक्षिका आहे आणि मुलांना सांगण्यासारखा भाग मला याच्या पुढेच दिसतो.

ते 45 रुपये कोणी प्रत्यक्ष मोजले नव्हते. ती वजाबाकीतून आलेली शिल्लक होती. किराण्याच्या हिशेबात एक नोंद चुकली की सगळी चूक शिल्लकेत उतरते, तसेच इथेही होऊ शकत होते. 1970च्या दशकात एव्हलिन हेन्स यांनी त्याच भागातल्या पाण्यातील कार्बनची तपासणी केली. स्पार्टिनाच्या कार्बनची ठेवण वेगळी असल्याने तो ओळखता येतो. पाण्यात तरंगणाऱ्या भुग्यात गवताचा वाटा अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी निघाला; शेवाळाचा वाटाही मोठा असणार, हे दिसले. 1980मध्ये स्कॉट निक्सन यांनी अनेक ठिकाणची मोजमापे एकत्र तपासली. काही खाजणे अन्न बाहेर देतात, तर काही उलट आत घेतात, असे त्यांना आढळले.

पुढे ब्रायन सिलिमन यांनी ‘गवत फारसे कोणी खात नाही’ हेही तपासून पाहिले. गोगलगायींची गर्दी होऊ दिली, तर त्या आठ महिन्यांत हिरवे खाजण उजाड करू शकतात. एरवी त्यांना आवरतात ते त्यांना खाणारे खेकडे. म्हणजे खेकडे बेसुमार पकडले, तर गवतालाही धोका.

मग टील चुकले का? आकडा जसाच्या तसा टिकला नाही, हे खरे. पण जिवाणू आणि कुजलेले गवत यांवर खाजणाचा संसार चालतो, आणि माशांची पिल्ले तिथे आसरा घेऊन वाढतात, हे कोणी खोडून काढले नाही. शिवाय टील यांनी प्रत्येक नोंद उघडी मांडली होती, म्हणूनच पुढच्यांना चूक शोधता आली. इल्म असाच वाढतो. आपली वही तपासायला देणारा विद्यार्थी मला म्हणूनच आवडतो.

आपल्या कोकणात दाभोळ, बाणकोटसारख्या खाड्यांच्या काठी गवताऐवजी कांदळवन आहे. तिथेही पाने गळतात, चिखलात कुजतात, आणि खेकडे व कोळंबीची पिल्ले त्या मुळांमध्ये वाढतात. सुट्टीत मुलांना घेऊन ओहोटीच्या वेळी काठावर जा. नाकाला रुमाल लावण्याआधी त्यांना एकच प्रश्न विचारा: इथे कोण काय खाते? उत्तरे वहीत लिहू द्या. त्या चिखलात भराव टाकायची गोष्ट निघाली, तर बोलायला त्यांच्याजवळ काहीतरी असेल.