पाऊस आला, तोडणी थांबली

इटलीतल्या टस्कनी-उंब्रियात ऑलिव्हची तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात चालते, आणि नोव्हेंबर हा तिथल्या सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक. जेवण-राहण्याच्या बदल्यात कामाला आलेल्या स्वयंसेवकांना अचानक सुट्टी मिळते ती बहुधा पावसामुळेच. ओल्या फांदीला टेकवलेली शिडी घसरते, झाडाखाली अंथरलेली जाळी चिखलाने जड होते. त्याहून मोठी काळजी फळाची. ओली ऑलिव्ह क्रेटमध्ये साचून राहिली की गरम होतात, आंबतात आणि तेलाला कुबट वास लागतो. मग ते वरच्या प्रतीचं राहत नाही: ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ तेलाची आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत लागते, शिवाय चवीत एकही दोष चालत नाही.

सुट्टीचा हा दिवस खोलीत लोळून घालवू नका. आदल्या दिवशीची फळं दळली जात असतील तर घाण्यावर जा. भाजलेल्या पावावर लसूण घासून, वर हिरवंगार, घशाला झोंबणारं ताजं तेल ओतून खा. बाटलीतल्या जुन्या तेलाला ही चव नाही. उंब्रियात असाल तर तोरजानोचं ऑलिव्ह आणि तेलाचं संग्रहालय जरूर पाहा.

ऊन पडलं तरी झाडं सुकेपर्यंत काम सुरू होत नाही. म्हणून परतीचं तिकीट काढताना कामाच्या ठरलेल्या दिवसांनंतर चार दिवस मोकळे ठेवा.