थोड्या पैशांचा भयपट

चित्रपटाला पैसा लागतो आणि पैसेवाला आपल्या पसंतीची गोष्ट मागतो. मग ज्यांची गोष्ट त्याला रुचत नाही, त्यांनी काय करावे? १९८२ साली अमेरिकेत निघालेल्या ‘द स्लम्बर पार्टी मॅसेकर’ या भयपटात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. श्रोत्यांपुढे आम्ही तेच मांडणार आहोत.

पटकथा मुळात रीटा मे ब्राउन या लेखिकेची. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांना स्त्रीमुक्तीच्या चळवळीतही मागे ठेवीत, म्हणून १९७० साली न्यूयॉर्कच्या परिषदेत ज्यांनी व्यासपीठ ताब्यात घेतले, त्यांत ही बाई होती. तिने ठरावीक भयपटाची थट्टा लिहिली. खुनी पुरुष मुलींच्या मागे लागतो. हातात भोके पाडायचे भले लांब ड्रिल. त्याचा अर्थ सांगायला पंडित नको. शेवटी एक मुलगी कोयत्याने ते ड्रिलच तोडते, आणि प्रेक्षक भीती विसरून हसतो.

दिग्दर्शिका एमी होल्डन जोन्स ही संकलक. काम पाहिल्यावाचून तिला कोण पैसे देणार? तिचे पती छायालेखक. कच्च्या फिल्मचे उरलेसुरले तुकडे जमवून तिने सुरुवातीचे प्रसंग चित्रित केले आणि निर्माता रॉजर कॉर्मन यांना दाखविले. त्यांनी होकार दिला. त्यासाठी ‘ई. टी.’ या चित्रपटाच्या संकलनाचे काम तिने सोडले. ‘ई. टी.’ला एक कोटी डॉलरहून अधिक खर्च आला. हिचा चित्रपट सुमारे अडीच लाखांत झाला.

हे साधले कसे? भयपटाला नामवंत नट लागत नाहीत. दोन-चार जागा, बहुतेक एकच रात्र आणि अंधार एवढ्यावर भागते. शिवाय गिऱ्हाइकाला भीती मिळाली, की आतला विचार कोणी तपासत नाही. म्हणून तर या चित्रपटात टेलिफोन दुरुस्त करणारी आणि दाराला भोक पाडणारी कारागीर या दोघी बायका आहेत, आणि त्याची कोणी चर्चा करीत नाही.

पण सवलत फुकट मिळत नाही. मुलींची उघडी अंगे दाखविणे ही त्या धंद्याची विक्रीची अट होती. ती या चित्रपटालाही चुकली नाही. कॉर्मन नवख्यांना, बायकांनाही, संधी देत, हे खरेच. पण नवखा माणूस स्वस्तात राबतो, हेही तितकेच खरे. खर्च कमी झाला असे कोणी सांगितले, की आम्ही कामगार चळवळीतली माणसे विचारतो, कशात कमी झाला? देखाव्यात, की मजुरीत?

या मालिकेचे १९८७ व १९९० चे पुढचे दोन्ही भाग आणि २०२१ चा नवा अवतारही स्त्रियांनीच दिग्दर्शित केला. एकीने उघडलेले दार उघडे राहिले. आज आपल्या गावातली मुले-मुली फोनवर चित्रण करतात. त्यांनी उसन्या जागेत, मित्रमंडळींना घेऊन, मनातली गोष्ट जरूर करावी. मात्र काम सुरू होण्यापूर्वी कोणाचे किती तास आणि पैसे आल्यास कोणाचा किती वाटा, हे एका कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात.