सेवासंस्थेतील निवृत्ती आणि स्नेहमंडळाचा उगम : ‘फॉर्टीवन क्लब’चे उदाहरण

प्रस्तावना
रोटरी, लायन्स, राउंड टेबल यांसारख्या सेवासंस्थांचा विचार बहुधा त्यांच्या समाजकार्याच्या अंगाने केला जातो. मात्र या संस्थांतून बाहेर पडणाऱ्या सदस्यांचे परस्परसंबंध पुढे कसे टिकतात, हा प्रश्नही समाजशास्त्रीय दृष्ट्या महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात राउंड टेबलच्या माजी सदस्यांच्या ‘फॉर्टीवन क्लब’चा उगम कोणत्या गरजेतून झाला, याचा मागोवा घेतला आहे.

वयोमर्यादेचा नियम
पॉल हॅरिस यांनी १९०५ मध्ये शिकागो येथे सुरू केलेली रोटरी चळवळ १९२० च्या दशकापर्यंत ब्रिटनमध्ये रुजली होती. तिच्यात व्यवसायात स्थिरावलेल्या प्रौढांचे प्राबल्य होते. तरुण व्यावसायिकांना विचारविनिमयासाठी स्वतंत्र व्यासपीठ हवे, अशी भूमिका नॉर्विच येथील तरुण रोटरी सदस्य लुई मार्चेसी यांनी मांडली. त्यातून १४ मार्च १९२७ रोजी नॉर्विच येथे पहिले राउंड टेबल स्थापन झाले. संस्था कायम तरुणांचीच राहावी, यासाठी सदस्यत्वाला चाळीस वर्षांची मर्यादा घालण्यात आली.

या नियमाचे दोन परिणाम झाले. एकीकडे पदे ठरावीक काळाने रिकामी होऊन नव्यांना संधी मिळत राहिली. दुसरीकडे प्रत्येक सदस्याचे बाहेर पडणे प्रवेशाच्या दिवशीच निश्चित झाले. खुद्द मार्चेसी यांचा जन्म १८९८ चा असल्याने त्यांचीही चाळिशी १९३८ मध्ये पूर्ण झाली. नोकरीतील निवृत्तीहून ही निवृत्ती वेगळी होती. सदस्य कर्तृत्वाच्या ऐन भरात असे. संपत असे ते केवळ सदस्यत्व आणि त्यासोबत नियमित भेटीचे निमित्त.

स्नेहमंडळाची निर्मिती
ही उणीव भरून काढण्यासाठी माजी सदस्यांनी ठिकठिकाणी आपली मंडळे स्थापन केली आणि कालांतराने त्यांचा राष्ट्रीय संघ उभा राहिला. चाळिशीनंतरचे पहिले वर्ष म्हणून ‘एक्केचाळीस’ हा आकडाच त्यांची ओळख ठरला. पुढे ब्रिटनमध्ये राउंड टेबलची वयोमर्यादा ४५ करण्यात आली, तरी हे नाव बदलले नाही. स्त्रियांच्या ‘लेडीज सर्कल’मधील माजी सदस्यांच्या मंडळाचे नाव ‘टॅन्जंट’ असे आहे. वर्तुळाला स्पर्श करून पुढे जाणाऱ्या स्पर्शिकेची ही कल्पना अशा मंडळांचे स्वरूप नेमके सांगते : मूळ संस्थेशी संबंध आहे, परंतु तिच्या कारभारात प्रवेश नाही.

भारतात पहिले राउंड टेबल १९५७ मध्ये मद्रास येथे सुरू झाले. त्यामागोमाग माजी सदस्यांची मंडळेही आली आणि आज ती महाराष्ट्रातही आढळतात.

एक तुलना
‘प्रोबस’ मंडळांचा उगम याहून भिन्न आहे. इंग्लंडमधील वेलविन गार्डन सिटी येथे १९६५ मध्ये आणि कॅटरहॅम येथे १९६६ मध्ये रोटरी सदस्यांच्या पुढाकाराने अशी मंडळे सुरू झाली. पण ती व्यवसायातून निवृत्त झालेल्यांसाठी होती. सभासद पूर्वी रोटरीत असलाच पाहिजे, अशी अट नव्हती. निधिसंकलन किंवा सेवाप्रकल्प हे त्यांचे उद्दिष्ट नव्हते. उगम वेगळा असला, तरी स्नेहाला कार्याच्या जबाबदारीपासून मोकळे करणे हे सूत्र दोन्हींत समान दिसते.

निष्कर्ष
पद सोडणे आणि माणसे सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. परंतु स्वतंत्र व्यवस्था नसेल तर पहिलीबरोबर दुसरीही घडते. महाविद्यालयांतही नियत वयोमानाने होणारी निवृत्ती नव्या पिढीसाठी आवश्यकच आहे. तथापि निरोप समारंभानंतर अनेक प्राध्यापकांचा विभागाशी संबंध एखाद्या निमंत्रणपत्रिकेपुरता उरतो. तो टिकवायचा असेल, तर ‘फॉर्टीवन क्लब’च्या उगमातून दोन गोष्टी घेता येतील. मंडळ निवृत्तांनी स्वतः उभारावे, प्रशासनाने केवळ जागा द्यावी. आणि निवृत्तांनी विद्यमान कारभारात हस्तक्षेप टाळावा. अशा मर्यादा पाळल्या, तर जुन्यांचा वावर नव्यांना ओझे वाटणार नाही आणि जुन्यांनाही आपण परके झालो, असे वाटणार नाही.